चमचाभर जस्त

"आ करा, आशाताई. मोठा आ करा," जुबैदा चाची म्हणाली आणि तिनं चमचा माझ्या सासूबाईंच्या तोंडाशी नेला.

आईंचं तोंड मोठं उघडत नाही. डाव्या गालाचं ऑपरेशन झाल्यापासून दोन बोटं जेमतेम मावतील एवढंच उघडतं. जुबैदा चाचीला ते माहीत होतं. पण लेकराला भरवताना आपणही नकळत तोंड उघडतो ना, तशी ती स्वतःच आ वासून बसली होती. चमच्यात पाण्यात विरघळवलेली झिंकची गोळी होती. आईंनी ती घेतली, डोळे मिटून गिळली आणि पदरानं ओठांचा कोपरा पुसला. त्या कोपऱ्यातून थेंब ओघळला तरी त्यांना कळायचं नाही.

"झालं ना? मंग सरक आता. माहा नंबर हाये," तांड्यावरून आलेली लालीबाई म्हणाली. तिच्या हातात तिची गोळी आणि मागं अजून पाच-सहा जणी.

रोज संध्याकाळी आमच्या ओट्यावर हा सोहळा चालायचा. एकेक जण पुढं यायची, तोच चमचा धुऊन घ्यायची, गोळी विरघळवायची, पाजायची आणि मग भिंतीला टेकून बसायची. कशाला, तर चहाला. चहा करायची मी, दीपा, या घरची सून. एवढ्या बायकांना रोज चहा पाजायचा म्हणजे काय, हे ज्यांच्या घरी एकच म्हैस आहे त्यांनाच कळेल. पण माझी कुरकुर चुलीपुरतीच असायची. बाहेर आले की मलाही तिथून हलावंसं वाटत नसे.

माझ्या सासूबाई मथुराबाई म्हणजे आमच्या गावच्या आशाताई, घरोघर फिरणाऱ्या आरोग्यसेविका. महागावच्या बाजूचं लहानसं गाव आमचं, त्याला लागून बंजाऱ्यांचा तांडा. आशाताईंची योजना आली तेव्हापासून या दोन्हीकडच्या लेकरांची हागवण आईंनी स्वतःची समजून निस्तरली. जिथं लेकरू पातळ हागलं तिथं त्या हजर. एका हातात ओआरएसची पुडी, दुसऱ्या हातात झिंकच्या गोळ्यांची पट्टी. गोळी चमच्यात विरघळवून पहिला डोस स्वतःच्या हातानं पाजायच्या आणि निघताना दारात उभं राहून भाषण ठोकायच्या, "हागवन थांबली तरी गोळी थांबवाची नाही! चौदा दिवस म्हनजे चौदा दिवस!" हे भाषण गावातल्या पोरी आईंचा आवाज काढून एकमेकींना म्हणून दाखवायच्या.

गावभर खर्रा सोडा, तंबाखू सोडा म्हणत फिरणाऱ्या या बाईच्या स्वतःच्या गालात मात्र कायम सुपारीचं खांड असायचं. मी टोकलं की म्हणायच्या, "मी कुठं तंबाखू खातो? सुपारी त लग्नातबी वाटतेत." त्याच गालात गाठ निघाली. ऑपरेशन झालं, मग नागपूरला राहून किरणांचा शेक झाला. गाठ गेली आणि जाताना जिभेची चव घेऊन गेली. भाकर, वरण, गूळ, लोणचं, सगळं सारखंच. "पानी चावून राह्यलो असं वाटते," त्या म्हणायच्या. घास तोंडात फिरवत बसायच्या आणि आमची नजर चुकवून कुत्र्याला घालायच्या.

नागपूरच्या डॉक्टर मॅडम तरुण होत्या आणि शांतपणे समजावून सांगणाऱ्या होत्या. रक्त तपासून त्या म्हणाल्या, "झिंक कमी आहे. झिंक म्हणजे जस्त. अशा कॅन्सरच्या बऱ्याच पेशंटमध्ये ते कमी सापडतं. आजारामुळं कमी होतं की कमी असल्यामुळं आजाराला वाट मिळते, याचा अभ्यास अजून चालू आहे. सुपारीत तांबं बरंच असतं, वर्षानुवर्षं खाल्ली की गालाला ते बाधतं. शरीरात जस्त आणि तांबं यांचा मेळ लागतो. रोज एक गोळी घ्या. काहींची चव त्यानं लवकर येते, काहींची येत नाही. बघू या."

डॉक्टरांचं बोलणं गावाला समजेल एवढं आखूड करून सांगायची आईंना आयुष्यभराची सवय. ओट्यावर भेटायला आलेल्या बायकांना त्यांनी एका वाक्यात सांगून टाकलं, "माह्या अंगात जस्त कमी झालतं, म्हनून हे झालं."

दुसऱ्याच दिवशी जुबैदा चाची आली. नातीच्या, गझालाच्या, हागवणीतली उरलेली झिंकची अर्धी पट्टी तिनं आरशामागं जपून ठेवली होती.

"आशाताई, ये लो. तुमचीच हाये, तुमालेच देतो."

आईंनी पट्टी उलटसुलट पाहिली. "जुबैदा, ही उरली कशी? गझालाले पुरा कोर्स देल्ला होता म्हनून सांगतलं होतं ना तू मले?"

"अवं तीसरे दिन तर पोरगी आंगन में दौडून राह्यलती. मंग कायले देऊ?"

त्यानंतर जी रीघ लागली, ती पाहून मला हसावं की रडावं कळेना. घराघरातून उरलेल्या पट्ट्या निघाल्या. कोणी पिठाच्या डब्यातून काढली, कोणी फोटोच्या खिळ्याला अडकवलेली आणली. लालीबाईनं तर आणलेली गोळी तिची पोरगी रांगत होती तेव्हाची. ती पोरगी आता सासरी नांदते. सगळ्या गावानं वर्षानुवर्षं आशाताईंच्या तोंडावर "हो हो, पुरा कोर्स देल्ला" म्हटलं होतं आणि तिसऱ्या दिवशी गोळी बंद केली होती, हे त्या दिवशी पुराव्यानिशी सिद्ध झालं. आई संतापल्या. एकेकीचं नाव घेऊन शिव्या घातल्या. मुदत संपलेल्या पट्ट्या बाजूला काढताना म्हणाल्या, "एवढी वर्षं मी कोनाले सांगत होतो? भिंतीले?" आणि मग तो ढीग मांडीवर घेऊन रडायला लागल्या. ऑपरेशनच्या दिवशीसुद्धा मी त्यांना रडताना पाहिलं नव्हतं.

तिथून तो सोहळा सुरू झाला. तुम्ही आमच्या लेकरांना पाजली, आता आम्ही तुम्हाला पाजणार, असं बायकांनी ठरवलं. उरलेल्या गोळ्या संपल्या, तर महागावच्या मेडिकलमधून आणू लागल्या. आई नाही कशा म्हणणार?

"एकीची घेतली न् दुसरीची नाही घेतली, त कसं दिसन?" त्या मला म्हणाल्या. "अन् खरं सांगू का, दीपा, गोळीची चव नाही लागत. पन आपल्याले कोनी पाजून राह्यलं, हे जिवाले लागते."

मीही मान डोलावली. लेकरांची गोळी ती, तिनं काय होणार? शिवाय डोळ्यांना दिसत होतं. बायका समोर बसलेल्या असताना आई बोलण्याच्या नादात भाकर संपवायच्या. गाल थोडे भरले. कुत्रं बारीक झालं.

पावसाळा सरता सरता एक दिवस लालीबाई हातात चप्पल घेऊन ओट्यावर आली. "याडी," ती आईंना तिच्या बोलीत आईच म्हणते, "ही तुमची चप्पल. थे तिकडं पाराजवळ पडली होती."

आईंनी खाली पाहिलं. एका पायात चप्पल, दुसरा पाय उघडा आणि घोट्यापर्यंत चिखलानं माखलेला. पारापासून घरापर्यंत त्या तशाच चालत आल्या होत्या आणि त्यांना कळलं नव्हतं.

"अवं, खरंच का?" त्या हसल्या. मी मात्र हसले नाही.

मग ते वाढतच गेलं. तळवे बधिर झाले. अंधारलं की भिंत धरून चालायला लागल्या. चेहरा पांढरा पडला, दोन पायऱ्या चढल्या की दम लागायचा. महागावला रक्त तपासलं. लाल पेशी कमी, पांढऱ्याही कमी. तिथल्या डॉक्टरांनी कागद माझ्या हातात दिला आणि आईंकडं न बघता म्हणाले, "नागपूरला दाखवून घ्या." आमच्याकडं नागपूरला दाखवा म्हणतात तेव्हा काय म्हणतात ते सगळ्यांना कळतं. माझे यजमान धम्मरत्न मुकुटबनला सिमेंटच्या कारखान्यात कामाला आहेत. फोनवर मी फक्त "नागपूर" म्हटलं आणि त्यांनी त्याच दिवशी रजेचा अर्ज टाकला.

पिशवी भरताना आई शांत होत्या. मला म्हणाल्या, "लाल बी कमी, पांढऱ्या बी कमी. एवढी वर्षं दवाखान्यात लोकाहिले घेऊन गेलतो मी, मले समजते. हाडात उतरला असन तो."

"तसं काही नसतं आई. उगाच बोलू नका."

"मराचं भेव नाही वं मले. पन अंबाडीची भाजी खाऊन जाची होती. खाता त येते, पन आंबट लागली पाह्यजे ना."

मी चुलीकडं तोंड फिरवलं. पाठीमागून त्या माझ्याच पातळाच्या घड्या घालत होत्या. माझी पिशवीसुद्धा त्याच भरत होत्या.

निघायच्या आदल्या संध्याकाळी सगळ्या जणी आल्या. जुबैदा चाचीनं एक लहान गाठोडं माझ्या हातात दिलं. त्यात सगळ्यांच्या वाटच्या गोळ्या होत्या आणि तो चमचा होता. "तू पाज बेटा. नागा नको करू. भूलना मत."

नागपुरात धम्मरत्न आम्हाला येऊन मिळाले. तपासण्या झाल्या. एका मोठ्या सुईनं हाडातला मगज काढला, तेव्हा आईंनी माझं मनगट एवढं घट्ट धरलं की वळ उठले. मग वाट पाहणं. बोलावणं आलं तेव्हा आम्ही तिघं मॅडमच्या समोर बसलो. फोटोत गाठ कुठं दिसत नाही, त्या म्हणाल्या, पण रक्त का उतरतंय ते कळत नाही. हाडाचा रिपोर्ट यायचा आहे. त्यांचा आवाज जपून चालत होता.

"घरी कुठली औषधं चालू आहेत?"

"तुमी देल्ली एकच गोळी," आई म्हणाल्या. खोटं बोलत नव्हत्या. बायकांच्या हातचं त्यांच्या लेखी औषधात मोडतच नव्हतं. मॅडमनी मान हलवली आणि कागदावर काही लिहायला घेतलं. आईंनी भिंतीवरच्या घड्याळाकडं पाहिलं आणि मला कोपरानं ढोसलं. "दीपा, येळ झाली. चमचा काढ. जुबैदानं शपथ घातली हाये."

"कसला चमचा?" मॅडमनी विचारलं.

मी गाठोडं सोडलं. पट्ट्या टेबलावर सांडल्या. मॅडमनी एक उचलली, दुसरी उचलली, सगळ्या एकाच गोळीच्या.

"हे सगळं रोज?"

"एकेकीची एकेक," आई बोटांवर मोजत सांगू लागल्या. "जुबैदाची एक, लालीबाईची एक, भुरीबाईची एक..." एका हाताची बोटं संपली, दुसऱ्या हातावर गेल्या.

"किती महिने?"

"शेक संपून गावी आलो तवापासून."

मॅडमनी पेन खाली ठेवलं. उठून आल्या, खाली बसल्या आणि आईंच्या तळव्याला कापसाचा बोळा लावला. "कळतं का?" आई वरच बघत होत्या. "लावा ना," त्या म्हणाल्या.

मॅडमनी मग आम्हाला समजावलं. जस्त फार झालं की आतडं तांब्याला आत घेईनासं होतं. आणि तांबं नसेल तर अंगात नीट रक्त बनत नाही, पायांच्या नसा सुकतात. "भाजीत मीठ नसेल तर भाजी जात नाही. म्हणून मूठभर टाकलं तर जाईल का?" त्या म्हणाल्या. मग आईंकडं बघून हळूच हसल्या. "असं असेल तर बरं होईल, आजी. पण आधी खात्री करू."

ती खात्री होईपर्यंत मी किती वेळा पाणी प्यायले, मला आठवत नाही. रिपोर्ट आले. रक्तात तांबं जवळजवळ नव्हतंच. आणि हाडात कॅन्सर नव्हता. "नाही," मॅडम म्हणाल्या, "आजार परत आलेला नाही." मी तिथंच, त्यांच्या टेबलावर डोकं ठेवून रडले. धम्मरत्न खिडकीकडं तोंड करून उभे राहिले. आई मात्र त्यांच्या अर्ध्या तोंडानं हसत होत्या. "म्हनजे मले गावानं लाडानंच मारलं असतं!"

मॅडमनी झिंक पूर्ण बंद केलं, तांब्याचं औषध लिहून दिलं आणि एक गोष्ट स्पष्ट सांगितली. रक्त भरून येईल. पायांचं मात्र आत्ता काही सांगता येत नाही.

परतीच्या गाडीत मला एकच घोर होता. बायकांना सांगायचं काय? "डॉक्टरनं बंद करायला सांगितली, एवढंच म्हणू," मी सुचवलं. "त्यांना कळलं तर जिवाला लावून घेतील."

आई खिडकीबाहेर पाहत होत्या. "नाही सांगतलं त उद्या दुसऱ्या कोनाले पाजतीन. सांगाच लागते."

त्या संध्याकाळी ओटा भरला. आईंनी सगळं सांगितलं, काही न लपवता. आजार परत आला नाही, हे आधी सांगितलं. मग रक्त का उतरलं ते. बोलणं संपलं तशी जुबैदा चाचीनं दोन्ही हात तोंडावर ठेवले. "या अल्ला. हमनेच पाजलं. माह्या हातानं पाजलं."

"गप," आई म्हणाल्या. "गोळी चांगलीच हाये. माप चुकलं. अन् माप पाह्याचं काम माहं होतं. आशाताई मी हावो, तू नाही. लेकराले एकीच्या जागी दोन गोळ्या कोनी देल्ल्या असत्या त मी त्याचं घर डोक्यावर घेतलं असतं. अन् सोताच्या येळी लाडावून बसलो." मग तिचे हात चेहऱ्यावरून काढून स्वतःच्या हातात घेतले. "आयक. घास गिळू वाटत नव्हता मले. तुमी समोर येऊन बसल्या म्हनून गिळला. नाही त मी कवाच सुकून मेलो असतो. हे बी मनात ठेव."

चाची रडतच राहिली. बाकीच्याही. तेवढ्यात लालीबाईनं डोळे पुसत विचारलं, "याडी, तांबं कमी झालं म्हनता. अन् सुपारीत तांबं हाये म्हनता. मंग..."

मग आई अशा हसल्या की त्यांना ठसका लागला आणि रडणाऱ्याही हसायला लागल्या.

तरी दुसऱ्या दिवशी सकाळी दार उघडलं, तर ओट्यावर पाण्यानं भरलेले तांब्याचे गडवे रांगेनं मांडून ठेवलेले. चिंचेनं घासून लख्ख केलेले. आईंनी कपाळाला हात लावला आणि ज्याचा त्याला गडवा परत करायला मला घरोघर पिटाळलं. सोबत निरोप होता, "डॉक्टरनं लिहून देल्लं तेवढंच. पन हात रिकामे ठेवून येऊ वाटत नसन त चमचाभर भाजी आना. मीठ पाह्यतो."

आता संध्याकाळी चमच्यात भाजी येऊ लागली. कोणाची वांग्याची, कोणाची बरबटीच्या शेंगांची. आई चमचा तोंडात घ्यायच्या, विचार केल्यासारखं करायच्या आणि म्हणायच्या, "बराबर हाये." प्रत्येकीची बरोबर. एकदा मी मुद्दाम मीठ न घातलेलं वरण पुढं केलं. तेही बरोबर होतं. मी आत जाऊन त्यात मीठ घातलं.

थंडीत जुबैदा चाचीनं अंबाडीची भाजी आणली. आईंनी चमचा घेतला. नेहमीसारखा चटकन बाहेर काढला नाही. तोंडात तसाच धरून बसल्या आणि त्यांचा उजवा गाल आक्रसला.

"आंबट," त्या म्हणाल्या.

जुबैदा चाची उठली आणि अनवाणीच गल्लीत धावत सुटली, घराघरात सांगत. मी त्या चमच्याकडं पाहत राहिले. या बायकांचं काय देणं लागतो आपण, असं वाटलं, आणि ते फिटणार नाही याचं बरंच वाटलं. आंबटामागून खारट आलं. गोड अजून आलेलं नाही. रक्त भरलं, ओठांवर रंग आला, मॅडमनी आता तीन महिन्यांनी या म्हटलं. पाय मात्र तेवढे राहिले. काठी आली.

गेल्या महिन्यात लालीबाईच्या नातीला हागवण लागली. आशाताईंच्या जागी आता नवी पोरगी आहे. तिनं गोळ्या देऊन ठेवल्या होत्या. पण आईंचा या लोकांवरचा विश्वास पुरता उडालेला. काठी घेऊन त्या रोज स्वतः तांड्यावर जायच्या, डोळ्यांदेखत गोळी पाजवून घ्यायच्या आणि परत यायच्या. नात तिसऱ्या दिवशी हसाखेळायला लागली, तरी यांच्या खेपा चालूच. मी सोबत येते म्हटलं की ओरडायच्या.

काल कोर्स संपला. मी ओट्यावर तांदूळ निवडत होते. तांड्याच्या रस्त्यानं आई येताना दिसल्या. काठी टेकत, मान ताठ, हातात रिकामी पट्टी. डाव्या पायात चप्पल नव्हती. पंधरा-वीस पावलं मागं लालीबाई येत होती. चप्पल तिच्या हातात होती. तिनं हाक मारली नाही. मी उठायला लागले, तर तिनं दुरूनच मानेनं नको म्हटलं.

आई ओट्यावर टेकल्या आणि पट्टी माझ्यासमोर नाचवली. "पाह्य! एकबी उरू देल्ली नाही. पुरा कोर्स." तेवढ्यात लालीबाई येऊन पायरीशी बसली. बोलता बोलता तिनं ओंजळीत आईंचा डावा पाय घेतला, पदरानं माती झटकली, चप्पल चढवली. आई मला पट्टीची एकेक रिकामी चौकट दाखवत होत्या. त्यांना काही कळलं नाही.

मग त्यांनी खाली पाहिलं. दोन्ही पायांत चपला होत्या.

"अन् हे पाह्य, दीपा," त्या म्हणाल्या, "आज चप्पल बी निंगाली नाही."

"हो, आई," मी म्हटलं आणि दोघींना चहा ठेवायला आत गेले.